हाडांचा मुद्दा राहूनच गेला

क्रोन्स, म्हणजे आतड्यांना वारंवार सूज आणणारा जुनाट आजार, असताना व्यायाम म्हणजे आतड्यांना उगाच ताण, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. आजार उसळलेला असताना, ताप-रक्त चालू असताना हे अगदी खरं. पण आजार शांत असतानाही पडून राहिलं तर नुकसानच होतं, आणि चर्चेत हाडांचं कुणीच काढलं नाही. या आजारात देतात ती प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स हाडं ठिसूळ करतात, आजाराची सूजही त्यात भर घालते. १९९८ साली क्रोन्सच्या रुग्णांवर वर्षभराच्या हलक्या व्यायामाची चाचणी झाली होती. ज्यांनी तो नेमाने केला, त्यांची खुब्याजवळची हाडाची घनता वाढलेली दिसली. सरसकट सगळ्यांची नव्हे, म्हणून नेम महत्त्वाचा. शिवाय पोहण्यापेक्षा चालणं, जिने चढणं हाडांना जास्त मानवतं, कारण अंगाचं वजन त्यांच्यावर पडतं.

हाच आजार असलेली माझी धाकटी बहीण उजाडताच पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालते. उन्हं चढली की आपल्या गोव्यात घामानेच माणूस गळतो, आणि जुलाब असणाऱ्याला पाणी कमी पडून चालत नाही. घरी आल्यावर ती आधी मीठ घातलेल्या पेजेचं निवळ पिते. सुरुवातीला शौचालय जवळ असेल तेवढ्याच टप्प्यात फेऱ्या मारायची. त्यात लाज कसली! अंग दुखलं तर आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्याने आजार उलटू शकतो.