अनुभव धागा: भत्ता कापला, तुमचं भाडं उतरलं का?

लंडनच्या वायव्य भागातल्या एका सल्ला केंद्रात मी सोळा वर्षं आठवड्यातून दोन दिवस बसते. घरभाडं, नोटिसा, काउन्सिलची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) पत्रं हेच काम. आपली मराठी माणसंही येतात. बरीच जण दारात घुटमळतात आणि 'ओळखीतल्या एकांसाठी विचारायचंय' म्हणून सुरुवात करतात. मग पिशवीतून निघणाऱ्या पत्रावर नाव त्यांचंच असतं.

मागच्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं, "बेनिफिट कमी केलं की भाडी उतरतील म्हणाले होते ना? मग माझं का नाही उतरलं?" याचं उत्तर मी एकटीने द्यावं असं वाटेना, म्हणून हा धागा.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं आधीचं. इथे खाजगी घरात राहणाऱ्या, उत्पन्न कमी पडणाऱ्या माणसाला सरकार भाड्यासाठी मदत देतं; तोच हा भत्ता, म्हणजे बेनिफिट. (बहुतेक व्हिसांवर ती मिळत नाही, सहसा इथे कायमचं राहण्याची परवानगी किंवा नागरिकत्व लागतं.) 2008 पासून तिची मर्यादा अशी ठरायची: भागातली भाड्याची शंभर घरं स्वस्तापासून महागापर्यंत ओळीने मांडा, मधल्या, म्हणजे पन्नासाव्या घराचं भाडं धरा. जून 2010 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी कात्री लावली आणि एप्रिल 2011 पासून पन्नासाव्याऐवजी तिसावं घर आलं. शिवाय वरून झाकण: एका बेडरूमला आठवड्याला 250 पौंड, दोनला 290, तीनला 340, चारला 400, आणि पाच बेडरूमचा दर रद्द. जुन्या भाडेकरूंना नऊ महिन्यांची सवलत होती, त्यामुळे बहुतेकांच्या घरी झळ पोचली ती 2012 मध्ये.

युक्तिवाद असा होता की हा पैसा शेवटी घरमालकाच्याच खिशात जातो; तो आटला की मालक भाडं उतरवेल. तर मला एवढंच सांगा: तुमच्या मालकाने उतरवलं का? नसेल तर तो फरक तुम्ही कुठून भरलात? मालकांनीही लिहावं. कुणाचं, कुठल्या एजन्सीचं, काउन्सिलचं नाव मात्र नको.

वेम्बलीहून, आता ल्यूटन

ताई, लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आमचे हे तेव्हा एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. 2011 मध्ये मालकाने तास कमी केले. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. भाडं महिन्याला 1100. काउन्सिलची मदत होती म्हणून तगलो होतो. 2012 च्या मार्चमध्ये पत्र आलं: आठवड्याला 27 पौंड कमी. म्हणजे महिन्याला 117.

पत्र घेऊन मी घरमालकांकडे गेले. वयस्कर गुजराती काका, वागायला चांगले, दिवाळीला मुलांना मिठाई द्यायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, माझा हप्ता बँक कमी करते का?" रागाने नव्हे, शांतपणे म्हणाले. मला पुढे बोलायला काही सुचलं नाही.

मग मी वही घातली. आमच्याकडे विजेला किल्लीचा मीटर होता आणि गॅसला कार्ड. कोपऱ्यावरच्या दुकानात किल्ली घेऊन जायचं, दहा पौंड भरायचे, घरी येऊन मीटरमध्ये खुपसायची. आधी मी दर सोमवारी दहा टाकायची. मार्चनंतर पाच टाकायला लागले. दुकानातला मुलगा किल्ली हातात घेऊन न विचारताच "फाइव्ह?" म्हणायचा. मीटर संपत आला की लाल दिवा लागतो. तो लागला की मुलं आपापले दिवे बंद करायची, त्यांना कुणी सांगावं लागायचं नाही. पोटाला चिमटा घेणं आपण लहानपणापासून ऐकतो, पण तो चिमटा मुलांना कळतोय हे बघणं वेगळं.

माझी भिशी होती सात बायकांची. माझा नंबर आला तेव्हा सगळी रक्कम भाड्यात गेली, आणि पुढचे हप्ते भरायला जमणार नाही हे मला बायकांना सांगावं लागलं. ते सांगताना वाटलेली लाज नोटीस आली तेव्हाही वाटली नाही.

नोटीस जानेवारी 2013 ला आली. दोन महिने, कारण द्यायची तेव्हा गरज नव्हती. काकांनी मुलाच्या हातून पाठवली, स्वतः आले नाहीत.

लेस्टर

आमचं उतरलं. आठवड्याला 10 पौंड. मालकाची अट होती की पैसे काउन्सिलने थेट त्याच्या खात्यात टाकावेत, आणि काउन्सिलने ते मान्य केलं. उरलेले 8 आम्हीच भरले.

धागाकर्ती

लेस्टरवाल्यांनी सांगितलेली वाट तेव्हा सरकारनेच काढली होती: मालक भाडं उतरवायला तयार असेल तर पैसे थेट त्याला. माझ्यासमोर आलेल्यांत असे फार थोडे.

स्लाव

मी मालकाच्या बाजूने लिहितो. आयटीत आहे, 2009 मध्ये एक फ्लॅट भाड्याने द्यायला घेतला. आधीच्या भाडेकरू एकट्या आई होत्या, एक मुलगा. तीन वर्षांत एकदाही भाडं चुकलं नाही. भत्ता कापल्यावर त्यांनी मला पत्र दाखवलं आणि भाडं 60 ने कमी करता येईल का विचारलं.

मी बायकोशी बोललो, आकडेमोड केली. करता आलं असतं. ओढाताण झाली असती, पण आलं असतं. मग एजंट म्हणाला की जाहिरात टाकली तर आठवड्यात 50 जास्त देणारे मिळतील, आणि मिळाले. शिवाय माझ्या कर्जाच्या अटींत बेनिफिटवाल्यांना देऊ नये असं कलम होतं. तोवर मी ते कधी वाचलंही नव्हतं, त्या दिवशी ते मला सोयीचं झालं. त्या बाईंनी जाताना ओव्हन आतून घासून ठेवला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुणे

तिथला भाग मला माहीत नाही, म्हणून साधा प्रश्न. परवडत नसेल तर लोक स्वस्त गावात का जात नाहीत? आपणही पेठेतून धायरीला जातोच की.

धागाकर्ती

प्रश्न रास्त आहे, खुद्द मंत्रीही हेच म्हणत. जायला आधी नवी डिपॉझिट लागते, जुनी अजून परत आलेली नसते. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. टेम्पोचे पैसे. पहाटे पाचच्या सफाईच्या पाळीला जाणाऱ्या बाईला त्या वेळी बस असेल असं गाव लागतं. आणि 'डीएसएस नको' असं जाहिरातींत उघड छापलेलं असायचं, म्हणजे बेनिफिटवाल्यांनी फोनसुद्धा करू नये. ती सरसकट बंदी बेकायदा भेदभाव आहे असं यॉर्कच्या कोर्टाने म्हटलं ते जुलै 2020 मध्ये. त्यानंतर जाहिरातीतले शब्द गेले, फोनवरचे नकार राहिले. स्वस्त घर असतंही, पण ते मला मिळेल का, हा प्रश्न आधी येतो.

पूर्व लंडन, शाळेत साहाय्यक

मी दुसरीच्या वर्गात असते. 2012–13 या एका वर्षात तिसातली सात मुलं मधेच गेली. नवीन शाळेचं नाव विचारावं तर आईला शहराचंच नाव नीट माहीत नसायचं. त्याच सुमारास, एप्रिल 2012 मध्ये, न्यूहॅम काउन्सिलने आपल्याकडची कुटुंबं स्टोक-ऑन-ट्रेंटला ठेवता येतील का अशी तिथल्या संस्थेकडे विचारणा केली होती, पेपरात आलं होतं. शे-दीडशे मैल लांब. आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या कोट अडकवायच्या खुंटीवर नावाची पट्टी असते, वर एक चित्र. बदकाची पट्टी मी त्या वर्षी तीनदा बदलली.

बर्मिंगहॅम

बायकामुलांचे अनुभव येतायत, एकट्या पुरुषाचा लिहितो. जानेवारी 2012 पर्यंत 25 च्या आतल्या एकट्या माणसाला फक्त सामायिक घरातल्या खोलीपुरता भत्ता मिळायचा. ती वयाची अट 35 केली. मी 31 चा होतो, घटस्फोट झालेला, नोकरी नुकतीच गेलेली. एका बेडरूमचा फ्लॅट सोडून पाच जणांच्या घरात एक खोली घेतली.

मुलगी चार वर्षांची. शनिवार-रविवार माझ्याकडे असायची. पण मूल आईकडे राहतं म्हटल्यावर नियमाच्या लेखी मी एकटाच. त्या घरात बाथरूमच्या दाराची कडी नीट लागत नव्हती. ती आत असताना मी बाहेर दाराला पाठ लावून उभा राहायचो. एका शनिवारी रात्री खालच्या मजल्यावर दोघांची मारामारी झाली, पोलीस आले. त्यानंतर तिची आई म्हणाली, रात्री नको, दिवसा भेट. मला वाद घालता आला नाही, कारण ती बरोबरच बोलत होती. पुढची तीन वर्षं मी मुलीला बहुतेक वाचनालयात भेटलो. तिथे ऊब असते आणि बसायचे पैसे पडत नाहीत.

माझ्या जुन्या फ्लॅटचं भाडं उतरलं का? मी सोडल्यावर 25 ने वाढवून दुसऱ्याला दिला.

स्विंडन

आम्ही गोव्यातल्या पेडण्याकडचे. पोर्तुगीज पासपोर्टावर आलो, वेअरहाऊसला काम. भत्ता कधी घेतला नाही. एप्रिल 2014 पासून आमच्यासारख्या नव्याने काम शोधणाऱ्या युरोपीय पासपोर्टवाल्यांना तो बंदच केला. तरी झळ आम्हालाही लागली. फ्लॅट सुटलेली माणसं खोल्या शोधायला लागली, ती आमच्याच गल्लीत. जी खोली दोघांनी मिळून घेतलेली, तिच्यात पुढच्या वर्षी आम्ही तिघे.

धागाकर्ती

एवढे अनुभव वाचल्यावर एक आकडा सांगायला हवा. सरकारच्याच खात्याने या कपातीचा अभ्यास करवून घेतला होता, 2014 मध्ये छापला. निष्कर्ष असा: कपातीचा सरासरी 89 टक्के भार भाडेकरूंवर पडला, 11 टक्के मालकांवर. लेस्टरचे ते 10 पौंड त्या 11 टक्क्यांतले. स्लावच्या दादांच्या एजंटचं वाक्यच मला याचं कारण वाटतं: आठवड्यात दुसरा मिळेल. जिथे रांग लागलेली आहे तिथे मालक एका भाडेकरूसाठी भाव का पाडेल? स्लावचे दादा, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही लिहिलं नसतं तर अर्धी गोष्ट कळलीच नसती.

आणि हे जुनं झालेलं नाही. 2016 पासून चार वर्षं भत्त्याचे दर गोठवले. कोविडमध्ये, एप्रिल 2020 ला, पुन्हा तिसाव्या घरापर्यंत आणले आणि लगेच चार वर्षं गोठवले. गोठवणं म्हणजेही कपातच, फक्त तिचं वेगळं पत्र येत नाही.

मँचेस्टर

ताई, त्या शेवटच्या वाक्यावर लिहिते. मी केअरर आहे, वृद्धांच्या घरी जाते. 2020 ते 2024 माझा भत्त्याचा दर तोच. भाडं 625 वरून 850. एप्रिल 2024 मध्ये दर वाढला तेव्हा मी फोनवर रडले, खरंच. नंतर एप्रिल 2025 ला पुन्हा गोठवला आणि जुलैमध्ये मालकाचं पत्र: 925. आता दर महिन्याला 130 मी वरून घालते. सरकारी रोजगार कार्यालयातली वर्क कोच म्हणते, तास वाढवा. मी आठवड्याला 34 तास करते, दोन भेटींमधल्या बसप्रवासाचे पैसे मिळत नाहीत.

काउन्सिलकडे तात्पुरत्या मदतीचा अर्ज केला, तीन महिन्यांसाठी मिळाली. चौथ्या महिन्याचा फॉर्म समोर आहे. त्यात विचारलंय, 'परिस्थिती सुधारण्यासाठी आपण काय पावलं उचललीत?' तिथे काय लिहायचं, कुणी सांगेल का?

धागाकर्ती

मी सांगते. 'उचललेली पावलं' मध्ये पाहिलेल्या प्रत्येक घराची तारीख, भाडं आणि नकाराचं कारण लिहा, जाहिरातीची छापील प्रत जोडा. बसप्रवासाच्या पैशांचं आणखी कुणाशी बोलू नका, मला आधी फोन करा. किमान वेतनाचा हिशेब आपण बसून करू. केंद्राचा नंबर निरोपात पाठवते.

वेम्बलीहून, आता ल्यूटन

ताई, वही शोधली, मिळाली. शेवटचं पान 2013 च्या मार्चचं आहे. माझंच अक्षर: 'टेम्पो 90. किल्लीवर 2.40 शिल्लक, पुढच्या माणसाला राहू दे.' आणि खाली मुलीने पेन्सिलने लिहिलंय, 'दिवा बंद केला.'