मुळा-मुठेत मांगूर सोडून दुसरा मासा कधी दिसणार?

नदीवेडा
रविवारी सकाळी पुण्यात बंडगार्डन पुलापाशी एक जण गळ टाकून बसला होता. बादलीत दोन चिलापी आणि हातभर लांब एक मांगूर. विचारलं, "खाता का?" म्हणाला, "मी कशाला खाऊ? विकतो."

त्याच्या पाठीमागे नव्या काठाचं काम चकचकीत दिसत होतं. ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारायचा प्रकल्प, ४,७०० कोटींच्या वर खर्च. समोर पाणी काळं आणि फेसाळलेलं. मांगूर त्यात जगतो, कारण तो वर येऊन हवा गिळतो. महाशिरासारख्या माशाला पाण्यातच लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. तो मासा इथे टिकेल तेव्हा मी नदी सुधारली म्हणेन. तोपर्यंत काठाचं काम थांबवा आणि सगळा जोर नाल्यांवर लावा.

येरवड्याची_सून
मांगुरावरून अख्खा प्रकल्प मोडीत काढू नका हो. लग्न होऊन इथे आले तेव्हा नदीकडे जायचं म्हणजे राडारोडा, दारूच्या बाटल्या आणि कुत्री. आता सासूबाई गुडघेदुखी घेऊनही संध्याकाळी चालून येतात. तुमचं पाणी शुद्ध होईपर्यंत थांबलो असतो तर त्यांना हे दिवस दिसले नसते. आणि एक सांगा, इतकी वर्षं नदीची बोंब का उठली नाही? सगळी घरं नदीकडे पाठ करून होती म्हणून. रोज हजार माणसांच्या नाकात वास गेला की आपोआप ओरड होईल.

निवृत्त_ओव्हरसियर
ताई, ओरडीने सांडपाणी वळत नाही. मी या लाइनीत आयुष्य काढलंय.

जपानच्या मदतीची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, ९९० कोटींची. ११ शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. कागदावर उत्तम. पण केंद्र बांधणं हा सोपा भाग. गल्लीबोळातली घरं मुख्य वाहिनीला जोडणं अवघड. पावसाळी गटारात कुणीतरी रात्रीतून संडासाची लाइन सोडलेली असते. ती शोधायची तर चेंबर न् चेंबर उघडावं लागतं. लाइट गेली आणि पंपिंग बंद पडलं की मैला कुठे जातो, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट कुणीच बोलत नाही. समजा केंद्रातून बीओडी १० चं पाणी आलं (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, जितकं कमी तितकं पाणी स्वच्छ). आंघोळीच्या पाण्याला ३ च्या आत हवा. हे १० चे ३ व्हायला वरून स्वच्छ पाणी मिसळावं लागतं. खडकवासल्याचं पाणी पावसाळा सोडला तर कालव्यात आणि आपल्या नळांत जातं. मुठेच्या वाट्याला उरतं ते आपणच वापरून सोडलेलं. साबरमतीचं कौतुक करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तिथे नर्मदेच्या कालव्याचं पाणी आणून सोडलंय. आपल्याकडे नर्मदा नाही.

वल्हेवाला_९४
मग निदान बंधारे तरी होऊ द्या! कॉलेजात असताना संगमावर बोट चालवायचो. पाण्यात पडलो की घरी आई अंगणातच बादली घेऊन उभी. पॅरिसच्या सेन नदीत शंभर वर्षांची बंदी उठवून २०२५ मध्ये लोकांना पोहायला सोडलं. आपण नुसती बोट चालवण्याएवढं पाणी अडवायलाही का घाबरतो?

नदीवेडा
@वल्हेवाला, बोटीचं दुःख समजतं. पण मैलामिश्रित पाणी अडवून ठेवलं तर जलपर्णीची शेती होईल. पॅरिसवाल्यांनी आधी पावसाचं आणि मैल्याचं मिसळलेलं पाणी साठवायला जमिनीखाली प्रचंड टाकी खोदली. उडी नंतर मारली.

एकतानगरीजवळचा
तुम्ही मासे आणि बोटी करत बसा. २५ जुलै २०२४ ला आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. आजोबा १९६१ च्या पानशेतच्या गोष्टी सांगायचे, मला आता माझी स्वतःची गोष्ट आहे. पात्रात भराव टाकून भिंती बांधल्या की तेवढंच पाणी वर चढणार. साधं गणित आहे.

येरवड्याची_सून
दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण तुमच्या भागात अजून नवा काठ कुठे आहे? पूररेषेच्या आतली बांधकामं आधीपासूनची. आंबिल ओढ्याला २०१९ मध्ये पूर आला तोही काही काठ सुधारल्यामुळे नव्हे.

एकतानगरीजवळचा
हे मान्य. मी घर घेतलं तेव्हा निळी पूररेषा कुठे आहे हे मलाही कुणी दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

भीमेकाठचा
इंदापूरहून लिहितोय. तुमची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि तुम्ही सोडलेलं सगळं उजनीत येऊन थांबतं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, वास वेगळा. तेच पाणी सोलापूर पितं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला कॅमेरे घेऊन येता, तेव्हा पुलावरून खाली पण बघत जा. काठ बांधा न बांधा, आम्हाला फरक पडत नाही. नाले बंद करा.

निवृत्त_ओव्हरसियर
+१. यापुढे माझं काही म्हणणं नाही.

नदीवेडा
येरवड्याच्या ताईंचं एक पटलं. 'काम थांबवा' हे मी रागात लिहिलं. झालेला काठ कुणी उखडायला सांगत नाही, सासूबाईंना चालू द्या. पण पुढच्या टप्प्याचं टेंडर काढताना त्या पट्ट्यातले नाले अडवलेत का, एवढी अट घाला. आणि प्राणवायूचा आकडा त्या चालण्याच्या वाटेवरच पाटीवर लावा. रोजचा.

येरवड्याची_सून
पाटीला माझा पाठिंबा. पण तिच्यावर आधी नगरसेवकाचा फोटो येणार, आकडा नंतर. बरं, तो मांगूर विकत घेतं कोण?

नदीवेडा
विचारलं होतं. म्हणाला, "गिऱ्हाईक बांधलेलं आहे," आणि बादलीवर पोतं टाकलं.