सल्ला हवा: समुद्राजवळच्या बागेत कॅमेरे आणि राउटरसाठी बाहेरची पेटी कुठली घ्यावी?

कलमवाडी:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. मांगराच्या (बागेतल्या घराच्या) बाहेरच्या भिंतीवर दोन कॅमेरे, त्यांचा पीओई स्विच (एकाच नेटवर्क वायरीतून डेटा आणि वीज दोन्ही देणारा) आणि राउटर आहे. गेल्या पावसाळ्यात सगळं बंद पडलं. पेटी बाहेरून धडधाकट, पण उघडली तर तळाला पाणी आणि स्विचच्या पिना हिरव्यागार. पेटीवर आयपी ६५ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) छापलेलं आहे. शिवाय आंब्याच्या दिवसांत समोरच्या कच्च्या रस्त्याने टेम्पो जातात, तांबडी धूळ सगळीकडे बसते. आता आयपी ६७ ची पेटी घेतली तर प्रश्न मिटेल का? तिथे आई-बाबा दोघंच असतात, त्यामुळे भर पावसात कॅमेरे चालू राहायला हवेत.

खारावारा:
पेटी बदलण्याआधी पाणी आत आलं कुठून ते शोधा, नाहीतर नवीन पेटीतही तेच होणार.

आयपीचा पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत जातच नाही, त्यामुळे धुळीचा प्रश्न ६५ मध्येही सुटलेला आहे. दुसरा आकडा पाण्याचा: ५ म्हणजे पाण्याचा फवारा, ६ म्हणजे जोरदार फवारा, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. बुडवण्याची चाचणी आणि फवाऱ्याची चाचणी वेगवेगळी असते, म्हणून ६७ ला डोळे मिटून ६६ पेक्षा वरचं समजू नका. तुमच्या पेटीला आडवा पाऊस झेलायचाय, ६६ घ्या. आणि हा आकडा कोऱ्या पेटीचा असतो. वायरमनने वरून भोक पाडून वायर खुपसली की त्याला काही अर्थ उरत नाही.

तळाला साचलेलं पाणी मात्र बहुतेक वेगळ्याच वाटेने आलेलं असणार. उन्हाने पेटी तापते, आतली हवा फुगून थोडी बाहेर पडते. मग एकदम सर येते, पेटी झटकन गार होते, आतला दाब उतरतो आणि गास्केटच्या (झाकणाच्या रबरी पट्टीच्या) किंवा ग्लँडच्या (वायर आत घेताना तिच्याभोवती आवळायच्या बुचाच्या) बारीक फटीतून ओली हवा आणि पाणी आत ओढलं जातं. आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट नसते. असं रोज थोडं थोडं साठत जातं. यावर उपाय म्हणजे तळाला ब्रीदर व्हेंट. त्यातल्या पडद्यातून हवा ये-जा करते, पाणी येत नाही.

वायरी नेहमी खालून घ्या. आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथेच ठिबकतो. ग्लँड वायरीच्या जाडीचा हवा, आणि एका ग्लँडमधून दोन वायरी कोंबू नका, मधे फट राहतेच. रिकाम्या भोकांना प्लग लावा, नाहीतर मुंग्या घर करतात.

कलमवाडी:
वायरी वरूनच घेतल्या आहेत! सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर?

खारावारा:
आपल्याकडच्या दमट हवेत त्या लवकर भरतात. मधूनमधून बदलायला तिथे कोणी नसेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका.

बंदरावरची:
दादा, हिरव्या पिनांबद्दल लिहिते. आयपीच्या चाचण्यांमध्ये मीठ येतच नाही, आपला खरा वैरी तर तोच. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते, त्यामुळे पाऊस लागला नाही तरी खारी ओल असतेच. पीओईच्या वायरीत ४८ व्होल्टच्या आसपास डीसी खेळतो. अशा ओलीत तो तांबं खाऊन टाकतो.

म्हणून कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. कॅमेऱ्यामागे लोंबणारी जोडणी उघडी ठेवू नका, छोट्या जंक्शन बॉक्सात घ्या. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. ३०४ वरही किनाऱ्यावर गंजाचे डाग येतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते तग धरतं. पत्र्याची पेटी रंगवलेली असली तरी पहिल्या ओरखड्यापासून गंजते, ऊन सोसणाऱ्या पॉलिकार्बोनेटची घ्या. आणि सिलिकॉन लावणार असाल तर न्यूट्रल क्युअर बघून. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं, बंद पेटीत ते तांब्याला लागतं.

कातळसडा:
मुळात स्विच आणि राउटर बाहेर कशाला? पीओईची वायर १०० मीटरपर्यंत चालते. दोन्ही मांगराच्या आत ठेवा, बाहेर फक्त कॅमेरे राहू देत. बाहेर जितकं कमी तितकं बरं.

विजांचंही बघा. पावसाच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात वीज मोठी कडाडते. सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा) लावा, पण कातळावर अर्थिंग नीट होत नाही. विहिरीजवळ ओल्या मातीत अर्थिंग घ्या आणि मीटरने मोजून घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) तर हवाच.

कलमवाडी:
आत ठेवायची अडचण वाय-फायची. जाड चिऱ्याच्या भिंती आहेत, अंगणात रेंज मिळत नाही. शिवाय आत चूल पेटते.

कातळसडा:
मग स्विच आत चुलीपासून लांब, माळ्याखाली, झाकणाच्या पेटीत. बाहेर राउटरऐवजी बाहेरच्या वापरासाठीच बनवलेला ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारं यंत्र) वळचणीखाली लावा, तोही पीओईवर चालतो. पागोळ्या अंगावर पडणार नाहीत इतका आत घ्या.

कलमवाडी:
हे जमेल. बाहेर कॅमेऱ्यांचे जंक्शन बॉक्स आणि ॲक्सेस पॉइंट, आत स्विच असं ठरलं. शाकारणीला माणसं येतील तेव्हाच वायरी खालून फिरवून घेतो.

खारावारा:
बसवून झालं की एक करा. वीज बंद करून बॉक्समध्ये कोरडा टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा, दुपारी चांगलं तापू द्या. मग पाइपने गार पाणी मारा आणि तासाभराने उघडा. पेपर ओला झाला असेल तर कुठल्या बाजूने ते बघून तिथला ग्लँड किंवा गास्केट बदला. हे मृगाच्या आधी उरका.