वॅगनआरचा एक्सल जॉइंट घरी बदलता येईल का?

रामबागकर:
नमस्कार मंडळी. माझी जुनी वॅगनआर डावीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवलं की पुढून कट-कट-कट करते. सरळ रस्त्यावर आवाज नाही. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत तर माणसं थांबून बघतात. मेकॅनिक म्हणाला, अख्खा एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा, नवा टाका. मला नुसता जॉइंट अंगणात बदलायचाय. जमेल?

सुदामानगरचे काका:
जमेल रे. डावीकडे वळताना वाजतोय म्हणजे बहुधा उजवा, चाकाकडचा जॉइंट. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो. चाकामागे टॉर्च मारून बघ. रिमला आतून काळं ग्रीस उडालेलं असेल तर बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटलाय. दुखणं तिथूनच सुरू होतं. रबर चिरलं की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, आणि मग आतल्या सहा गोळ्या खाचा खाऊन टाकतात.

हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमधचा, मोठा नट गाडी चारही चाकांवर उभी असतानाच सैल कर. आधी त्याची ठोकलेली कड छिन्नीने उघड आणि कुणाला तरी ब्रेक दाबून बसव. जॅकवरच्या गाडीला लांब पाइप लावून हिसके द्यायचे नाहीत, हे हात जोडून सांगतो. नट सैल झाला की जॅक लाव, खाली घोडी (लोखंडी स्टँड) ठेव, नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नकोस.

लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा) बॉल जॉइंट सोडवला की नकल, म्हणजे हब धरणारा भाग, बाहेर झुकते आणि शाफ्ट (एक्सलचा दांडा) हबमधून निघतो. गिअरबॉक्सकडचं टोक मात्र ओढू नकोस. तिथला जॉइंट निखळतो, नाहीतर तेल सांडतं. बूट कापून ग्रीस पूस, पितळी सळई आतल्या रिंगवर टेकवून एक नेमका ठोका दे. सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी तारेची कडी) सोडून जॉइंट हातात येतो. त्याच्या खाचेतून बोट फिरव, खड्डे लागतील.

बसवताना नवा बूट आणि त्याची क्लिप आधी शाफ्टवर चढव, मग नवी सर्क्लिप. किटमधली काळ्या ग्रीसची पुडी पूर्ण भर, दुसरं ग्रीस चालत नाही. टक्क आवाज येईपर्यंत ठोक, मग ओढून बघ, सुटता कामा नये. नट नवाच घे. शेवटी गाडी खाली उतरवून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळ आणि कड पुन्हा ठोक.

बडोदेकर:
काकांचं बरोबर. भाऊ, एक जोडतो. नवा जॉइंट घ्यायला जाताना जुना पिशवीत घालून न्या. शाफ्ट आणि हबमध्ये बसणारे त्याचे दाते मोजून जुळवा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर जॉइंटवर तिची दातेरी रिंग लागते का तेही पाहा.

रामबागकर:
आभार, काका. डाव्या बाजूच्या बूटालाही बारीक चीर दिसतेय, पण उजवीकडे वळताना आवाज नाही. तोही जॉइंट बदलू?

सुदामानगरचे काका:
नको. जॉइंट उतरवून स्वच्छ धू. गोळ्या आणि खाचा गुळगुळीत असतील तर नवा बूट, नवं ग्रीस एवढंच. पण पावसाळ्याआधी कर.