मदत हवी आहे: इंग्रजी ईमेलच्या शेवटी काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

मालवणजवळ देवबागला आमचा छोटा होमस्टे आहे. रांधप सासूबाईंकडे, होडी आणि बाजार नवऱ्याकडे, मेल माझ्याकडे. कुडाळ स्टेशनावरून कसं यायचं, पावसाळ्यात किल्ल्यावरच्या होड्या का बंद असतात, सोलकढी तिखट लागते का, हे सगळं इंग्रजीत बऱ्यापैकी लिहिते. अडतं ते अगदी शेवटी, नावाच्या वरच्या ओळीत. शाळेत 'योर्स फेथफुली' घोटून घेतलं होतं, हल्ली सगळ्यांनाच 'थँक्स अँड रिगार्ड्स' लावते. पण ते सगळीकडे बसत नाही.

जानेवारीत स्कॉटलंडचं एक निवृत्त जोडपं येणार आहे. बाई 'वॉर्म रिगार्ड्स' लिहितात, त्यांचे यजमान 'चीअर्स'. सासरे शेजारी बसून मेल बघत असतात, त्यांच्यादेखत चीअर्स लिहायचा धीर होत नाही. लिहायलाच हवं का?

मुंबईच्या एका टूरवाल्यांनी दिवाळीच्या ग्रुपचे पैसे अजून दिलेले नाहीत. गोड लिहिलं तर विसरतात, कडक लिहिलं तर पुढच्या सीझनला ग्रुप येणार नाही.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे, पुण्याच्या एका ताईंनी वडील गेल्यामुळे बुकिंग रद्द केलं. त्यांच्याशी पहिल्यापासून इंग्रजीतच बोलणं झालं आहे. पैसे परत पाठवले, पण मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. त्याखाली 'थँक्स' कसं लिहू?

खाडीकाठ
ताई, शाळेतलं चुकीचं नाही, फक्त त्याची जागा वेगळी. ब्रिटिश पद्धतीत नाव माहीत नसताना 'डिअर सर ऑर मॅडम' म्हणून सुरुवात केली, तरच शेवटी 'योर्स फेथफुली'. नावानिशी सुरुवात केली की 'योर्स सिन्सिअरली'. अमेरिकन माणूस फेथफुलीच्या वाटेला जात नाही, नुसतं 'सिन्सिअरली' लिहितो. पण हे सगळं पत्रातलं. होमस्टेच्या चौकशीला फेथफुली म्हणजे समुद्रावर फिरायला कोट घालून जाण्यासारखं. अनोळखी पाहुण्याला पहिल्या उत्तरात 'काइंड रिगार्ड्स' किंवा 'बेस्ट रिगार्ड्स' लिहा, कुठल्याही देशात चालतं.

पुढे समोरचा जितका मोकळा होईल तितकंच आपण व्हायचं. बाईंना 'वॉर्म रिगार्ड्स' परत करा. यजमानांना चीअर्सची सक्ती नाही, 'बेस्ट विशेस' पुरे. एक मात्र सांभाळा. तीन मेलना वॉर्म लिहून चौथ्याला नुसतं 'रिगार्ड्स' लिहिलं, तर काही बिनसलं का, असं वाटतं त्यांना. आणि एकाच दिवशी मेलांची ये-जा चालू असेल तर दरवेळी हे लावूच नका, खाली नाव पुरतं.

कोकमआगळ
अगे बाय, इतको विचार कित्याक करतस? पावणो शेवटची ओळ बघून येता खय? तो बांगड्यासाठी येता!
(पण त्या ताईंचा मेल आजच धाड. तो रवता नये.)

रत्नांग्री_ऑफिस
वसुलीचं सांगतो, रोजचं काम आहे. कडकपणा मजकुरात ठेवा, शेवटात नाही. बिल नंबर, रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत हवेत ते स्वच्छ लिहा आणि खाली नुसतं 'रिगार्ड्स'. इथे कोरडेपणा कामाचाच आहे. 'थँकिंग यू' नको, अर्जासारखं दिसतं.

'थँक्स इन अॅडव्हान्स'बद्दल दोन मतं आहेत. बूमरँग या ईमेल सेवेने २०१७ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त मेल-संवाद तपासले, त्यात या शेवटाला सर्वाधिक, ६५.७ टक्के उत्तरं आली होती. पण ते मेल बरेचसे ऑनलाइन गटांवर मदत मागणाऱ्यांचे होते, थकबाकीचे नव्हेत. पैसे मागताना आगाऊ आभार काहींना टोचतात. मी लिहीत नाही.

खाडीकाठ
त्या ताईंना 'विथ डीपेस्ट सिम्पथी' किंवा साधं 'विथ सिम्पथी'. 'बेस्ट', 'चीअर्स', 'थँक्स' यातलं काही नको. 'पुन्हा या' हेही त्या मेलमध्ये नको. आणि खालची स्कूबाच्या ऑफरची आपोआप लागणारी सही तेवढी काढून टाका.

धागाकर्ती
सहीचं डोक्यातच आलं नव्हतं! काढली, मेल गेला. टूरवाल्यांनाही तारीख घालून पाठवते.

अजून एक, परदेशी पाहुणे मला 'डिअर सर' लिहितात. माझ्या नावावरून त्यांना कळत नाही.

रत्नांग्री_ऑफिस
सहीत नावापुढे कंसात 'मिझ' टाका, एम आणि एस. शेवटच्या ओळीत पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, मग स्वल्पविराम. 'योर्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी नसते, आमच्या साहेबांच्या मेलमध्ये मात्र असते.