नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून काय काय पाहिलंत? – अनुभव धागा

उन्हाळा आला की इंग्लंडमधली आपली मंडळी डॉर्सेट नाहीतर कॉर्नवॉल गाठतात. वर ईशान्येला, न्यूकॅसल ओलांडल्यावर क्रॅस्टर, बीडनेल, सीहाउसेस, बँबरा असा जो पट्टा लागतो, तिकडे फारसं कोणी वळत नाही. शेतांच्या कडेला, वाळूच्या टेकड्यांमागे तिथे साध्यासुध्या कॅम्पसाइट आहेत. राहून आलेल्यांनी लिहा: दिवसभर कुठे गेलात, पोरं कशात रमली, पाऊस आला तेव्हा काय केलंत. किल्ल्यांची यादी नको, ती कुठेही मिळते.

लेस्टरकर

होली आयलंडपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बेत त्याच्याभोवतीच आखावे लागतात. बेटावर जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. कौन्सिल सुरक्षित वेळांचं पत्रक काढतं. आमच्या कॅम्पसाइटच्या ऑफिसात ते दारावरच चिकटवलं होतं. भरती-ओहोटी आपल्याला नवीन नाही, पण डांबरी रस्त्यावर, पांढऱ्या पट्ट्यांसकट, शेवाळ पसरलेलं बघून गाडी आपोआप हळू होते. वाटेत उंच खांबांवर एक खोपटं आहे, पाण्यात अडकलेल्यांनी चढून बसावं म्हणून. दरवर्षी कोणी ना कोणी चढतंच.

माझा सल्ला जरा उलटा आहे. सगळे पाणी चढायच्या आत पळतात, तुम्ही मुद्दाम थांबा. सकाळी रस्ता बंद व्हायच्या आधी आत शिरा आणि दुपारी तो उघडला की बाहेर पडा. मधल्या काही तासांत बसगाड्या नसतात, गर्दी नसते, बेट गावकऱ्यांचं आणि तुमचं. अर्थात जेवणाचा डबा सोबत हवा.

सेंट एडनने ६३५ मध्ये इथे मठ स्थापन केला आणि ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. आज दिसतात ते नंतरच्या मठाचे अवशेष. त्यातली एक कमान अशी बारीक उरली आहे की अजून उभी कशी, हाच प्रश्न पडतो. टेकडीवरचा किल्ला लांबून रांगडा दिसतो, आत मात्र घर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडविन लुटियन्सने एका मासिकाच्या मालकासाठी तो राहता केला. पुढे दिल्लीत राष्ट्रपती भवन उभारणारा हाच. दिल्लीचा भव्यपणा डोक्यात ठेवून गेलात तर इथल्या बुटक्या दारांची आणि अरुंद बोळांची गंमत वाटेल.

पिसारा

पफिन पक्षी! त्यांच्यासाठी तरी जा. सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांच्या बोटी सुटतात. मे ते जुलैचा मध्य हा काळ धरा, कारण जुलै संपता संपता पफिन समुद्रावर निघून जातात. शाळांच्या मोठ्या सुट्टीत गेलेल्यांना रिकामी बिळं दिसतात आणि मग ते बोटवाल्यावर चिडतात. हजारो जोड्या जमिनीत बिळं करून राहतात आणि चोचीत आडव्या मासळ्या धरून तुमच्या पायांजवळून तुरुतुरु जातात.

इनर फार्न बेटावर उतरायचं असेल तर टोपी घाला, जाड कापडाची. आर्क्टिक टर्न पायवाटेला अगदी लागून घरटी करतात आणि पिल्लांजवळ गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात चोच मारतात. रक्त काढतात, थट्टा नाही. बर्ड फ्लूमुळे मध्यंतरी उतरणं बंद होतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. नुसती बोटीची फेरीही वाया जात नाही, ग्रे सील खडकांवर पसरलेले असतातच.

बीडनेलच्या दक्षिणेला चालत गेलात तर लाँग नॅनी नावाच्या ओढ्याच्या मुखाशी टर्नची आणखी एक वसाहत आहे. तिथे नॅशनल ट्रस्टचे लोक हंगामभर रात्रंदिवस मुक्काम ठोकून अंडी राखतात. वाऱ्याने आमचा तंबू फडफडला म्हणून कुरकुर करत होतो, त्यांच्याकडे पाहून गप्प झालो.

मालवणी मीठ

क्रॅस्टरचे किपर कोणीच कसे लिहिले नाहीत? हेरिंग मधोमध चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून ओकच्या भुश्शाच्या धुरात रात्रभर टांगतात. धुराचं घर १८५६ चं आहे आणि गावात शिरताच नाक तुम्हाला तिथे नेतं. हेरिंग आता बहुतेक नॉर्वेकडून येतात, पण धूर इथलाच.

कॅम्पसाइटवर तव्यात भाजू नका, शेजारचे तंबू हलवतील. पाण्याच्या उंच जगमध्ये किपर शेपटी वर करून ठेवायचा, उकळतं पाणी ओतायचं, पाच-सहा मिनिटांनी काढायचा. जुनी इंग्रजी पद्धत आहे, वास फार पसरत नाही. आम्ही स्टोव्हवर पेज केली आणि सोबत हा. सुक्या बांगड्याची अपेक्षा नको, हा मऊ आणि तेलकट असतो. पण पेजेला लागतो तो खारटपणा बरोबर जमतो.

खाऊन झालं की तिथूनच डन्स्टनबरा किल्ल्यापर्यंत चालत जा. गाडीरस्ता नाहीच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मेंढ्या, समोर ते तुटके बुरुज. सरदार थॉमस ऑफ लँकेस्टरने १३१३ मध्ये बांधायला घेतला आणि १३२२ मध्ये राजाने त्याचं डोकं उडवलं.

ढगाळ

जरा थंड पाणी ओततो. पोहायला जाणार असाल तर वेटसूट न्या, ऑगस्टमध्येही पाणी पंधरा अंशांच्या वर क्वचित जातं. आणि 'फ्रेट'बद्दल कोणीच बोललं नाही. समुद्रावरून अचानक धुकं येतं आणि जूनच्या दुपारी स्वेटर शोधावा लागतो. यावर एकच उपाय, गाडी काढून पाच-दहा मैल आत जा, तिकडे बहुतेक वेळा लख्ख ऊन असतं.

आणखी आत गेलात तर रॉथबरीजवळचं क्रॅगसाइड. तोफांचा कारखानदार विल्यम आर्मस्ट्राँग याचं घर. त्याने तळी बांधून पाण्यावर वीज काढली आणि १८७८ मध्येच चित्रांच्या दालनात विजेचा दिवा लावला. धाकट्याला घर कंटाळवाणं वाटलं, पण पाण्याच्या यंत्रांपाशी तो हलायला तयार नव्हता. बँबरा किल्लाही याच गृहस्थाने १८९४ मध्ये विकत घेतला.

कांदेपोहे

पावसाच्या दिवशी ॲनिक गाव गाठा. आमच्या मुली किल्ल्यात झाडूवर उडायचं प्रशिक्षण घेत होत्या (त्या चष्मेवाल्या जादूगार पोराच्या पहिल्या सिनेमांचं चित्रीकरण इथे झालंय), मी शेजारच्या बागेतल्या विषबागेत. गेटवर कवटी, कुलूप, आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जायचं, कशाला हात लावायचा नाही. आणि आत कोण? एरंड! आमच्या आजीने दर सुट्टीत ज्याचं तेल नाक दाबून पाजलं तो. बिया विषारी, तेल औषध, हे मार्गदर्शक सांगत होता आणि माझ्या तोंडाला पुन्हा ती चव.

नंतर बार्टर बुक्स. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात जुन्या पुस्तकांचं दुकान, शेकोटी पेटलेली, कपाटांच्या वरून खेळण्यातली आगगाडी फिरतेय. ते 'कीप काम अँड कॅरी ऑन'वालं १९३९ चं पोस्टर, जे आता प्रत्येक मगवर असतं, ते इथेच २००० मध्ये जुन्या पुस्तकांच्या खोक्यात सापडलं. ओल्या कपड्यांनी बसलात तरी कोणी उठवत नाही.

सांगलीची सून

आई-बाबा सोबत असतील तर? आमचे होते. तंबूत त्यांना नको म्हणून त्याच साइटवर एक लाकडी पॉड घेतला. त्यांना सगळ्यात भावलं ते बँबरातलं ग्रेस डार्लिंगचं संग्रहालय. छोटं आहे, तिकीट नाही. दीपगृहाच्या रखवालदाराची ही मुलगी, बावीस वर्षांची. सप्टेंबर १८३८ मध्ये 'फॉरफरशायर' बोट खडकावर फुटली तेव्हा वडिलांसोबत वल्ही मारत गेली आणि माणसं वाचवून आणली. ती होडी तिथे ठेवली आहे. बाबा होडीभोवती फिरत राहिले, "एवढीशी?" म्हणत. चार वर्षांनी ती क्षयाने गेली. समाधी समोरच्या चर्चच्या आवारात आहे.

लेस्टरकर

@सांगलीची सून, बँबरा किल्ल्याच्या पायऱ्या-चढ त्यांना जमले का? माझ्या सासऱ्यांना आणायचं आहे.

सांगलीची सून

दारापर्यंत गाडी जाते, पुढचा चढ हळूहळू केला. आतल्या जिन्यांना सासूबाईंनी सरळ नकार दिला आणि अंगणात तोफांपाशी बसून राहिल्या. तिथून फार्न बेटं दिसतात. दुर्बीण आणा, आणि वारा असेल तर कानटोपी.

ढगाळ

आणि गाडी नसणाऱ्यांसाठी: न्यूकॅसलहून एक्स१८ बस ॲनिक, क्रॅस्टर, सीहाउसेस, बँबरा करत बेरिकपर्यंत जाते. शेवटची बस लवकर असते, वेळापत्रक आधी बघा.