भाचीसाठी हॉरर सुचवा, टीनएजर्सनीच सांगा प्लीज

भाची 14 ची आहे, फँटसीच्या जाडजूड सिरीज फस्त करते आणि आता तिला हॉरर हवंय, पण नुसतं रक्त आणि किंचाळ्या नकोत म्हणे, भीती हळूहळू चढली पाहिजे (पटलं मला). 'ड्रॅक्युला' दिलं, 1897 चं, सगळं डायऱ्या आणि पत्रांमधून सांगितलेलं, किल्ल्यातला भाग तिने एका दमात वाचला पण गोष्ट इंग्लंडला आली आणि बाईसाहेब कंटाळल्या. 'फ्रँकेनस्टाइन' झेपेल का? मेरी शेलीने ते लिहायला घेतलं तेव्हा ती स्वतःच 18 ची होती, पण भाषा जड आहे ना. मोठ्यांच्या याद्या नकोत, त्या ढीगभर मिळाल्यात. तुम्ही कुठलं अर्ध्यात सोडलंत आणि का, तेही लिहा.